सतरा त्रिक एक्कावन्न

कपाटाच्या दोन्ही दारांवर कॉकपिट चिकटवलंय,
खऱ्या मापाचं, कागदी.
डावं दार कॅप्टनचं, उजवं माझं,
मधली फट नेमकी थ्रॉटलमधून जाते.
थ्रॉटल नाही, पॉवर लिव्हर.
सोमवारपासून तरी चुकायचं नाही.

स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून समोर बसते.
हात वर, ओव्हरहेड पॅनेलवर,
तिथे टेप सुटलीय, सगळे दिवे पुढे झुकलेत.
बाहेर इन्व्हरनेसला साडेतीनलाच अंधार.

घरमालक टॉर्क्विल मॅकॉले, वय एकाहत्तर.
बत्तीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकले, दोर ओढले.
रात्री जेवण झालं की चष्मा शोधतो
आणि मला चेकलिस्ट वाचून दाखवतो,
त्याच्या बेटावरच्या चर्चमध्ये एकजण ओळ सोडतो
आणि बाकीचे उचलतात, त्या चालीत.
मी उचलते: सेट. ऑन. चेक्ड.
"हे दोनदा का विचारतात?"
मग स्वतःच, "आमच्याकडेही विचारायचे."

आईला फोनवर सांगितलं, लागली नोकरी.
लंडन का? नाही गं. दुबई?
स्टॉर्नोवे, कर्कवॉल, बेंबेक्युला.
"बेंबी काय?"
हसता हसता ठसका लागला तिला.
मग म्हणाली, म्हणजे तालुक्याची गाडी.
हो. सत्तर माणसं, मागच्या दाराने चढणारी,
कुणाच्या मांडीवर केक, कुणाला दवाखान्याची तारीख,
चहा अर्धा होतो तोवर चाकं खाली.

खाली यायचं गणित सोपं आहे:
जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट मैल आधी निघा.
सतरा हजारांवर माझं इंग्रजी अडखळतं
आणि मगदूम बाईंचा वर्ग एका सुरात ओरडतो,
सतरा त्रिक एक्कावन्न!
वारा तीस अंश तिरका? निमकी.
कशाला शिकवतात पावकी-निमकी, म्हणून रडले होते मी
पायरीवर बसून.

सदतीस वर्षांची आहे. बॅचमधले बाकीचे तेविशीतले.
पर्थच्या गोदामात रात्रभर पार्सलं स्कॅन करायचे,
एक पाळी म्हणजे हवेतली पंचवीस मिनिटं.
त्यांतलीही काही ढगांनी घेतली.

"इंजिन फायर," टॉर्क्विल वाचतो,
मासळीचा भाव सांगावा तसा.
हे पाठच हवं, वाचायला वेळ नसतो.
पॉवर लिव्हर, फ्लाइट आयडल.
कंडिशन लिव्हर, फेदर, मग इंधन बंद.
फायर हँडल, ओढा,
आणि मी खरंच ओढलं.
कपाटाची मूठ हातात, दार सताड,
माझ्या अर्ध्या कॉकपिटमधून
एक पिवळा रेनकोट मांडीवर.
"इशबेलचा," तो म्हणाला.
कागदावरून नजर न काढता,
"दहा सेकंद मोज. पुढे तसं लिहिलंय."
मोजले. एक, दोन, तीन, मराठीतच,
रेनकोट मांडीवर तसाच.
दहा.
"एजंट वन," मी म्हणाले.
"डिस्चार्ज," तो म्हणाला. खरं तर ते मी म्हणायचं असतं.

इचलकरंजीत आमच्या घरामागे सोळा माग.
रात्रभर खडखडाट, आणि आम्ही गाढ.
एखादा थांबला की बाबा अंथरुणात उठून बसायचे,
"सहावा."
चप्पल घालून जायचे. सहावाच असायचा.

सिम्युलेटरमध्ये न सांगता एक इंजिन बंद करणार आहेत.
कुठलं ते पायाला कळतं, असं शिकवतात:
जो पाय रिकामा, ते इंजिन मेलं.
मला वाटतं, त्याआधी कानाला कळेल.
हे अजून कुणाला बोलले नाही.

रेनकोट हँगरला लावला, दार हळू लोटलं,
दोन्ही पॉवर लिव्हर पुन्हा जुळले, जवळजवळ.
उद्या टेप आणायची.
खांद्यावरच्या पट्ट्या अजून पाकिटात आहेत.
टॉर्क्विल जिन्यावरून विचारतो,
किती वाजता उठवू?
आज तर गुरुवार आहे.